टोपीवरचं विमान : व्हिएन्नाच्या जुन्या बाजारातून आणलेला एक बिल्ला

मोडीतला माणूस

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. ऑफिसच्या कामाने व्हिएन्नाला गेलो होतो, मधे एक शनिवार मोकळा मिळाला. लोक राजवाडे बघायला गेले, मी सरळ केटनब्र्युकनगासं स्टेशनला उतरलो. तिथे नाशमार्कटच्या टोकाला शनिवारी जुना बाजार भरतो. आपला पुण्यातला बुधवार-रविवारचा जुना बाजार ज्याने बघितलाय त्याला तिथे परकं वाटायचं कारण नाही, तेच गोधडीवर मांडलेले चमचे, तीच बंद पडलेली घड्याळं, आणि "हे माझ्या आजोबांचं" असं सगळ्याच वस्तूंबद्दल सांगणारे विक्रेते.

एका म्हाताऱ्याकडे बिस्किटाच्या डब्यात पहिल्या महायुद्धातले ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैनिकांचे टोपीचे बिल्ले होते. तिकडे त्याला काप्पेन-आबत्सायखन म्हणतात. त्यात एक विमानाचा निघाला. चाळीस युरो सांगितले, तीसला दिला.

बिल्ला जुन्या रुपयापेक्षा थोडा मोठा, जस्ताचा, वर पितळेसारखा मुलामा होता तो फक्त खाचांमधे उरलाय. खाली दातेरी डोंगर, त्यावरून डावीकडे जाणारं दोन मजली पंखांचं विमान. वरच्या कडेने लिहिलंय के. उंड के. लुफ्टफारट्रुपेन, म्हणजे शाही वायुदल. खाली १९१४, मग एक रेघ, मग १९१ आणि शेवटचा आकडा पूर्ण घासून गेलाय. मागे आडवी टाचणी आणि बीएसडब्ल्यू असा छोटा ठसा, म्हणजे ब्रुडर श्नायडर, वीन. ही बिल्ले करणारी त्या काळातली मोठी कंपनी, बुडापेस्टला आर्कान्झास नावाची दुसरी होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. हे बिल्ले सरकारी पदकं नव्हेत. शौर्यासाठी मिळायचे नाहीत, परीक्षा पास झालात म्हणूनही नाहीत, चक्क विकत घ्यायचे. सैनिक आपल्या टोपीच्या डाव्या बाजूला लावायचे, आपली रेजिमेंट, आपली आघाडी, आपली तोफ, कधी नुसतं "वेल्टक्रीग" म्हणजे जागतिक युद्ध. विक्रीतले पैसे बऱ्याचदा विधवा आणि अनाथ मुलांच्या फंडाला जायचे, त्यासाठी व्हिएन्नात क्रीग्सफ्युरसोर्गेआम्ट म्हणजे युद्धसाहाय्य कचेरी होती. गणवेशावर अशी बिनसरकारी वस्तू लावणं वरिष्ठांना फारसं आवडत नसे पण चालवून घ्यायचे. हजारो प्रकार निघाले. घरी बसलेली मंडळीसुद्धा गोळा करायची, आपण लहानपणी काडेपेटीची चित्रं जमवायचो तसं.

आता प्रश्न. म्हातारा छातीठोकपणे म्हणाला की हे टाउबे विमान आहे. मला विमानातलं काही कळत नाही, मी धातूचा माणूस. जाणकारांनी सांगावं कुठलं विमान आहे. आणि त्यावरून तो गेलेला आकडा काढता येईल का?

(फोटो चढवायचा तीनदा प्रयत्न केला, होत नाहीये. रात्री बघतो.)

चहा_कमी_साखर

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). फोटोच्या प्रतीक्षेत.

स्क्रू ढिला

म्हातारा थापा मारतोय. दोन मजली पंख म्हणताय ना, मग टाउबे असूच शकत नाही, टाउबेला पंखांची एकच जोडी. विषय संपला.

पण टाउबेबद्दल लिहायचा मोह आवरत नाही. इगो एट्रिश नावाच्या ऑस्ट्रियन माणसाचं हे विमान, १९१० मधे उडालं. त्याच्या पंखांचा आकार पक्ष्यावरून घेतलेला नाहीये, घेतलाय एका बीवरून! जावाकडे झानोनिया म्हणून वेल आहे, तिची बी पातळ कागदी पंखांची, पाचेक इंच रुंद, वेलीवरून सुटली की तरंगत तरंगत खाली येते. आपल्याकडे टेटूची शेंग फुटल्यावर ज्या पारदर्शक चकत्या उडतात ना, त्यातलाच प्रकार पण बराच मोठा. तो आकार आपोआप स्थिर राहतो हे एट्रिशने बघितलं आणि पंख तसे केले. मग शेपटी पंख्यासारखी पसरट केली आणि सगळं मिळून दिसायला लागलं कबुतर. टाउबे म्हणजे कबुतरच. वळायला पंखाला वेगळी फळी नाही, तारा ओढून पंखाचं टोकच पिळायचं.

आणि गंमत बघा, जगात विमानातून पहिल्यांदा बॉम्ब टाकला गेला तोही कबुतरातूनच. १ नोव्हेंबर १९११, लिबिया, इटलीचा जुलिओ गावोत्ती, चार छोटे बॉम्ब हाताने खाली टाकले. ऑगस्ट १९१४ च्या शेवटी पॅरिसवर बॉम्ब पडले तेही टाउबेमधून, त्यानंतर पॅरिसमधे कुठलंही जर्मन विमान दिसलं की लोक टाउबे टाउबे करून ओरडायचे. आपल्याकडे कुठल्याही वॉशिंग पावडरला एकाच ब्रँडचं नाव घ्यायचे तसं. तुमच्या म्हाताऱ्याचं तेच झालंय.

मला दोन गोष्टी सांगा. एक, पंख वरून बघितल्यासारखे बाणासारखे मागे झुकलेत की सरळ आहेत? दोन, वरच्या आणि खालच्या पंखामधले खांब कसे आहेत, उभे की तिरके? भिंग घेऊन बघा, नुसत्या डोळ्यांनी नको.

मोडीतला माणूस

पंख सरळ वाटतात. खांबांचं भिंगाशिवाय सांगता येणार नाही, माझं दहापटीचं भिंग एका मित्राकडे आहे, आणतो. बाणाचं का विचारलंत?

स्क्रू ढिला

कारण युद्धाच्या सुरवातीला ऑस्ट्रियाकडे लोनर कंपनीचं फाइलफ्लीगर होतं. फाइल म्हणजे बाण. त्याचे पंख मागे झुकलेले, बिल्ल्यावरही लगेच ओळखू येतं. सरळ असतील तर ते बाद. भिंग आणा लवकर, मला झोप लागणार नाही.

आजोबा_ऑनलाइन

धागा छान. पण एक गल्लत होऊ नये म्हणून लिहितो. वैमानिकाचं अधिकृत चिन्ह आणि हे टोपीचे बिल्ले या दोन वेगळ्या गोष्टी. ऑस्ट्रियाच्या फेल्डपायलटचं चिन्ह म्हणजे हिरव्या मिन्याच्या पानांचं कडं, त्यात उडता गरुड आणि वर मुकुट. सम्राट फ्रान्झ योझेफ नोव्हेंबर १९१६ मधे वारला, कार्ल गादीवर आला, तेव्हा त्यावरचं आद्याक्षरही बदललं. ते मिळवावं लागे. बाजारात कुणी "वैमानिकाचा बिल्ला" म्हणून टोपीचा बिल्ला विकत असेल तर दुप्पट पैसे देऊ नका.

दुसरं म्हणजे जर्मनीचं. कैसरने २७ जानेवारी १९१३ ला, म्हणजे स्वतःच्या वाढदिवशी, वैमानिकांसाठी चिन्ह काढलं. लंबगोल, एका बाजूला लॉरेल आणि दुसऱ्या बाजूला ओकची पानं, वर मुकुट, आणि मधे जमिनीच्या देखाव्यावरून उडणारं विमान. ते विमान टाउबेच्या घाटाचं. आता बघा, टाउबे आघाडीवरून लवकरच हद्दपार झालं, फार हळू, वळायला जड. पण चिन्ह तेच राहिलं. १९१८ मधे तीन पंखांचं फोकर उडवणारा पोरगाही छातीवर ते १९१३ चं कबुतर लावून हिंडत होता.

पाकोळी

आजोबा, हे भारीच. आणि यातून मला एक कायम पडणारा प्रश्न, बाकीच्या देशांनी विमान का नाही दाखवलं? सगळीकडे पक्षी!

इंग्रजांच्या रॉयल फ्लाइंग कोअरला फेब्रुवारी १९१३ मधे राजाने विंग्स मंजूर केल्या. पांढऱ्या रेशमाने भरलेले दोन पंख, मधे तपकिरी पानांचं कडं, त्यात आरएफसी, वर मुकुट. ते पंख म्हणे स्विफ्ट पक्ष्याचे. स्विफ्ट म्हणजे मी! (माझं नाव वाचा.) पाकोळीचे पाय इतके नाजूक की ती जमिनीवर चालत नाही, सगळा जन्म हवेत. वैमानिकाला याहून चांगला पक्षी कुठे मिळणार. नौदलाच्या वैमानिकांनी मात्र गरुड घेतला. किस्सा असा सांगतात की नक्षी ठरत नव्हती तेव्हा कॅप्टन स्यूटर यांच्या बायकोने पॅरिसला घेतलेला गरुडाचा ब्रोच पुढे केला आणि तोच पास झाला. पुढे कित्येक वर्षं वायुदलात भांडण, हा गरुड आहे की अल्बट्रॉस.

१९१५ मधे निरीक्षकांसाठी (पायलटबरोबर बसून टेहळणी करणारे) अर्धी विंग आली, एकच पंख आणि शेजारी गोल ओ. त्या ओ-ला पोरांनी काय नाव ठेवलं होतं ते इथे लिहिलं तर धागा उडेल.

अमेरिकेचं तर अजून मजेशीर, १९१३ चं चिन्ह म्हणजे पट्टीखाली लटकलेला गरुड आणि त्याच्या पंजात सिग्नलचे झेंडे. कारण विमानं तेव्हा सिग्नल कोअरच्या हाताखाली होती, म्हणजे विमान हे निरोप आणायचं साधन, बस.

मोडीतला माणूस

पाकोळीताई, तुमच्या प्रश्नाला माझ्यापरीने उत्तर देतो, चूक असेल तर झोडा. अधिकृत चिन्ह काढणारे लोक सरदार-दरकदार, त्यांना मुकुट, पानं, गरुड हेच सुचणार, शेकडो वर्षं तेच कोरत आलेत. शिवाय विमान दर सहा महिन्यांनी बदलतंय, आज कोरलं की उद्या जुनं. जर्मनांनी कोरलं आणि अडकले, आजोबांनी सांगितलंच. टोपीचा बिल्ला मात्र तीन-चार महिन्यांत नवा काढता येतो, विकणाऱ्याला ताजं चित्र हवं, आणि घेणारा कोण तर चिखलात बसून वर बघणारा माणूस. त्याने गरुड कधी बघितला नसेल, हे तारा आणि खांबवालं धूड मात्र रोज डोक्यावरून जाताना बघितलंय. म्हणून पत्र्याच्या स्वस्त बिल्ल्यावर खरं विमान आणि मिन्याच्या महाग चिन्हावर पक्षी. मला तरी हे सगळे बिल्ले जमवताना असंच वाटत आलंय.

आजोबा_ऑनलाइन

पटलं, पण अर्धंच. खरं विमान म्हणजे किती खरं? कारागीर व्हिएन्नात बसून फोटोवरून डाय, म्हणजे ठोकायचा छाप, कोरतो. मी असे बिल्ले बघितलेत ज्यात विमानाची शेपटी सरळ कावळ्याची आहे.

मोडीतला माणूस

हाहा, मान्य. माझ्याकडे एक फुग्याचा आहे, निरीक्षणाचा तो जर्मन ड्राखेनबलोन. मूळ फुगाच जाड सॉसेजसारखा, त्यावर कारागिराने इतकी मेहनत केलीय की बघणारा प्रत्येक जण आधी हसतो.

म्युनिकची मावशी

धागा उशिरा बघितला. भाषेबद्दल दोन पैसे माझे. तेव्हाच्या दोन सीटच्या विमानात पायलट आणि निरीक्षक असायचे. सैनिकी बोलीत पायलटला एमिल म्हणायचे आणि निरीक्षकाला फ्रान्झ. नकाशा फ्रान्झच्या हातात. म्हणून रस्ता चुकणे याला जर्मनमधे अजूनही "फरफ्रान्झेन" म्हणतात, आमच्या इथे गाडी चुकीच्या वळणावर गेली की नवरा म्हणतो आपण फरफ्रान्झ झालो, आणि नकाशा माझ्या हातात असतो, असो.

ऑस्ट्रियात तर मालक हा मागे बसलेला निरीक्षकच, तो अधिकारी. पुढचा पायलट बऱ्याचदा साधा कॉर्पोरल किंवा सार्जंट, म्हणजे घोडागाडी हाकणाऱ्यासारखा. साहेब मागे, गाडीवान पुढे. पुढे लढाऊ विमानं आली तेव्हा हे बदलत गेलं.

आणि जस्ताबद्दल. आधीचे बिल्ले पितळेचे, तांब्याचे असायचे, मग धातू संपत आला. १९१५ मधे ऑस्ट्रियात घरोघरी फिरून पितळी-तांब्याची भांडी गोळा केली, खलबत्तेसुद्धा, नंतर चर्चच्या घंटा उतरवून वितळवल्या. त्याआधी सोनं दिलं की लोखंडाची अंगठी मिळायची, "सोनं दिलं लोखंडासाठी" असं तिच्यावर कोरलेलं. त्यामुळे जस्त दिसलं की साधारण युद्धाच्या मधला किंवा शेवटचा काळ धरायला हरकत नाही, पण नुसत्या त्यावर विसंबू नका.

चहा_कमी_साखर

खलबत्ते नेले?? माझ्या आजीने रणगाडा परतवला असता.

जावळीकर

थोडं अवांतर आहे, चालवून घ्या. वरती कुणीतरी लिहिलंय चिखलात बसून वर बघणारा माणूस, ते वाचून राहवलं नाही.

आमचे पणजोबा ११० मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. सहावी पूना डिव्हिजन, मेसोपोटेमिया (आजचं इराक), जनरल टाउनशेंडसाहेबाबरोबर कुत गावात अडकले. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ तुर्कांचा वेढा. त्यांच्या बिल्ल्यावर विमान वगैरे नाही, बिगुल होतं, तो बिल्लाही आता नाही. पण घरात एक गोष्ट चालत आलीय की पणजोबा म्हणायचे, "आमच्यासाठी आभाळातून जातं पडलं होतं." लहानपणी आम्हाला वाटायचं म्हातारा लढाईच्या गप्पा रंगवतोय. जात्याची तळी म्हणजे काय वजन असतं, ती आभाळातून कशी पडेल!

मोठा झाल्यावर वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. कुतमधे धान्य होतं पण दळायला जाती पुरत नव्हती, म्हणून इंग्रजांच्या विमानांनी खरंच जात्याचे दगड वरून टाकले. पुढे एप्रिलमधे उपासमार झाली तेव्हा पिठाची पोती टाकायला लागले. विमानं नाजूक, एका खेपेला वजन ते किती नेणार, त्यात निम्मी पोती टायग्रिसमधे नाही तर तुर्कांच्या खंदकात. एवढ्या हजार माणसांना काय पुरणार. पणजोबा पुढे कैदेत गेले आणि दोन वर्षांनी हाडांचा सापळा होऊन परत आले. घरी जातं फिरायला लागलं की उठून बाहेर जाऊन बसायचे म्हणे.

पाकोळी

जावळीकर, हे अवांतर अजिबात नाही. दंडवत.

तुम्ही लिहिलंत म्हणून एक जोडते. आरएफसीच्या त्या पाकोळी-विंग्स छातीवर लावलेले मोजके भारतीय होते, त्यात मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर. सॉपविथ डॉल्फिन उडवायचे, जून १९१८ मधे फ्रान्सवर पाडले गेले, जर्मनांच्या ताब्यात असतानाच ३० जूनला गेले. इंद्रलाल रॉय यांचं नाव लोकांना माहीत असतं, दहा विमानं पाडली, डीएफसी हे शौर्यपदक मिळालं, पोस्टाचं तिकीटही निघालं. वेलिणकरांबद्दल आपल्याकडेच कुणी बोलत नाही.

जावळीकर

हे मला खरंच माहीत नव्हतं. वेगळा धागा काढा ताई.

आजोबा_ऑनलाइन

बंडोपंत (तुमचं नाव माहीत नाही म्हणून ठेवलं), तुमचा बिल्ला खरा आहे का हे तपासलंत का? हल्ली नकला फार.

मोडीतला माणूस

आजोबा, हे एकमेव क्षेत्र जिथे मी तुम्हाला ज्ञान देऊ शकतो. मूळ बिल्ले पत्र्यावर प्रेसने ठोकलेले, त्यामुळे मागून बघितलं की पुढचा उठाव मागे खोलगट दिसतो आणि कडा स्वच्छ कापलेल्या. नकली बहुतेक साच्यात ओतलेला, मागे सपाट, अंगावर देवीचे व्रण असावेत तसे बारीक खड्डे, आणि अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत. दुसरं, टाचणीच्या डागाभोवतीचा मळ. शंभर वर्षांचा मळ नखाने निघत नाही. मागे एकदा ऑनलाइन एक घेतलेला, घरी आणून कोमट पाण्यात धुतला तर शंभर वर्षं पाच मिनिटांत निघून गेली. तेव्हापासून धुवून बघितल्याशिवाय कुणाचं अभिनंदन स्वीकारत नाही. हा धुतला. टिकला.

बाकी एक कबूल करतो, बिल्ला खरा असला तरी लावणारा वैमानिक होता असं त्यावरून सिद्ध होत नाही. मेकॅनिक असेल, फुग्याची दोरी ओढणारा असेल, विमानतळावर बटाटे सोलणारा असेल. किंवा व्हिएन्नातल्या एखाद्या शाळकरी पोराने खाऊच्या पैशातून घेतला असेल.

स्क्रू ढिला

भिंग??

मोडीतला माणूस

आणलं हो. काल रात्री टेबललॅम्प तिरका लावून तासभर बघत बसलो, बायको म्हणाली सोनाराकडे नोकरी धर.

खांब उभे नाहीत. दोन्ही बाजूंचे खांब खाली येताना आत झुकलेत, विमानाच्या अंगाकडे. आधी वाटलं कारागिराचा हात हलला, पण चारही तसेच आहेत. अजून एक, पंखांच्या मागे विमानाच्या पाठीवर एकच लांबट भोक आहे आणि त्यात दोन टिंबं. मागच्या टिंबापुढे एक काडी, आडवी, अर्ध्या मिलिमीटरची असेल.

स्क्रू ढिला

येस्स्स!! हान्सा-ब्रांडेनबुर्ग सी-वन. आत झुकलेले खांब ही त्याची खूण. डिझाइन एर्न्स्ट हाइन्केलचं, तोच तो पुढे दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची विमानं बनवणारा. आणि दोघांना मिळून एकच लांब कॉकपिट हेही त्याचंच, बाकीच्या विमानांत सहसा दोन वेगळी भोकं. ती काडी म्हणजे श्वार्झलोझे मशीनगन, निरीक्षकाची. मावशी म्हणतात तसा साहेब मागे, गाडीवान पुढे.

हे विमान १९१६ च्या सुरवातीपासून आघाडीवर आलं, मग शेवटपर्यंत ऑस्ट्रियाचं मुख्य कामाचं घोडं. म्हणजे तुमचा गेलेला आकडा पाच असू शकत नाही. सहा, सात किंवा आठ.

आजोबा_ऑनलाइन

माझे शब्द मागे. कावळ्याची शेपटी काढणारे वेगळे आणि हा कारागीर वेगळा. याच्यासमोर चांगला फोटो होता किंवा याने विमान जवळून बघितलं होतं.

म्युनिकची मावशी

आकड्याच्या जागी भिंगातून वरच्या बाजूला गोलाई दिसतेय की सरळ रेघ? सात असेल तर वर आडवी रेघ हवी.

मोडीतला माणूस

मावशी, आत्ता बघून आलो. वर काहीच उरलं नाहीये, सपाट. खाली मात्र डावीकडे बारीकसा वळलेला काठ आहे, सातला तिथे काही नसतं. सहा किंवा आठ. सहावर माझे तीस युरो.

स्क्रू ढिला

माझेही.

चहा_कमी_साखर

सगळं छान. फोटो?